एकटा खलपुरुष

चित्रपटांविषयीं पालकांशीं बोलणें निघालें म्हणजे एक वाक्य बहुधा ठरलेलें असतें. "शेवटीं दुष्टाला शिक्षा होतेच ना? मग मुलांनीं पाहिलें तर बिघडलें कोठें?"

हा प्रश्न टाकाऊ नव्हे. शहर लुटणारा मनुष्य अडीच तासांच्या अखेरीस पोलिसांच्या गोळीनें पडतो, महत्त्वाकांक्षेनें आंधळा झालेला धनिक तुरुंगांत जातो, कपटी कारभारी कड्यावरून कोसळतो. तेव्हां कथा नीतीस सोडून नाहीं, असें साध्या मनास वाटणें साहजिक आहे. कांहीं शिक्षकही याच न्यायानें चित्रपटांना प्रशस्तिपत्र देतात. माझा आक्षेप शिक्षेवर नाहींच. माझा आक्षेप असा कीं, त्या कथेंत दुष्ट मनुष्य एकटाच असतो.

विद्यार्थिमित्रहो, थोडें बारकाईनें पाहा. लोकप्रिय चित्रपटांतील खलपुरुष पडद्यावर येतांच ओळखूं येतो. त्याच्या येण्याचें संगीत निराळें, त्याच्यावर पडणारा उजेड निराळा, त्याचें हसणें निराळें. त्याच्यापाशीं नोकर पुष्कळ असतात. परंतु त्यांना नांव नसतें, घर नसतें, मनही नसतें. नायकाचे ठोसे खाण्यापुरतेंच त्यांचें आयुष्य. नगरांतील बाकीचीं सारीं माणसें भोळीं व निर्दोष. मग या एका माणसाचा निकाल लागला कीं जगांतील पापच संपलें! प्रेक्षागृहांतील दिवे लागतात, आणि आपण सर्वजण स्वच्छ मनानें बाहेर पडतों. कारण पाप कोणाचें होतें तें आपण डोळ्यांनीं पाहिलें, आणि तें आपलें नव्हतें.

जुन्या शोकपर्यवसायी नाटकांतून मनुष्य इतका स्वच्छ बाहेर पडत नाहीं.

शेक्सपिअरचीं अशीं नाटकें मराठी माणसाला परकीं नाहींत. आगरकरांनीं 'हॅम्लेट'वरून रचिलेलें 'विकारविलसित' १८८३ सालचें. देवलांचें 'झुंझारराव' हें 'ऑथेल्लो'चें मराठी रूप १८९० सालचें. शिवराम महादेव परांजपे यांनीं 'मॅक्बेथ'ला 'मानाजीराव' हा मराठी वेष दिला, आणि १९५४ सालीं शिरवाडकरांनीं तीच कथा 'राजमुकुट' या नांवानें पुन्हां मांडली. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट पाहिलेला मनुष्य आज हयात असणें शक्य नाहीं. तरी त्या भूमिकेचें नांव रसिकांच्या तोंडून गेलेलें नाहीं. एवढ्या वेळां या कथा आपल्याकडे आल्या, त्या केवळ इंग्रजी विद्येच्या कौतुकामुळें आल्या असें मला वाटत नाहीं. राज्यलोभ, घरांतील कपट आणि त्यापायीं झालेली धूळधाण हा विषय आपल्याला घरचाच होता.

'मॅक्बेथ'च घ्या. डंकन राजाचा खून मॅक्बेथ करतो आणि त्याची पत्नी त्याला चढविते, हें गोष्ट ऐकलेल्या प्रत्येक मुलास सांगतां येतें. परंतु बँकोकडे कोण पाहतो? चेटकिणींचें भाकीत त्यानेंही ऐकलेलें आहे. राजा मारला गेल्यावर त्याला दाट संशय आहे कीं, मॅक्बेथनें हें राज्य सरळ मार्गानें मिळविलेलें नाहीं. मग तो बोलत कां नाहीं? कारण त्याच चेटकिणींनीं त्याच्या वंशजांनाही राज्य देऊं केलें आहे. मॅक्बेथविषयींचें भाकीत खरें ठरलें, तर आपलेंही कां ठरूं नये? ही आशा त्याच्या जिभेवर बसते. त्यानें कोणास बोट लाविलें नाहीं कीं एक असत्य अक्षर उच्चारिलें नाहीं. तो नुसता गप्प राहिला, आणि तो गप्प असतांनाच मारेकरी त्याच्या वाटेवर येऊन उभे राहिले.

'ऑथेल्लो'मधील एमिलियाची गोष्ट याहून लहान आणि म्हणूनच याहून भयंकर आहे. मालकिणीचा रुमाल खालीं पडतो. नवरा तो केव्हांपासून मागतो आहे, म्हणून ती उचलून त्याला देते. कशाला हवा, असें विचारते. उत्तर मिळत नाहीं. ती सोडून देते. पुढें मालकीण कासावीस होऊन रुमाल शोधूं लागते, तेव्हां एमिलिया म्हणते कीं मला ठाऊक नाहीं. एवढेंच. इयागोच्या कपटाला तोड नाहीं हें खरें. पण या चिमुकल्या खोट्यावांचून तें कपट एक पाऊलही पुढें गेलें नसतें. शेवटीं एमिलिया खरें बोलते, जिवावर उदार होऊन बोलते, आणि नवऱ्याच्याच हातून मरते. परंतु तोंवर डेस्डिमोना गेलेली असते. हा प्रवेश वाचतांना मला इयागोचा संताप येत नाहीं. तो सैतानच आहे, त्याच्याकडून दुसरें काय व्हावयाचें? मला त्या बाईचें वाईट वाटतें. कारण तिच्यासारख्या सरळ, प्रेमळ आणि 'जाऊं द्या' म्हणणाऱ्या बायका व पुरुष मला रोज भेटतात.

आपल्या इतिहासांतील अशी कथा शोधण्यास तर ठाण्याबाहेर जाण्याचेंही कारण नाहीं. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची जी दगडी तटबंदी आपण जातां-येतां पाहतों, ती त्या कथेंतलीच आहे.

३० ऑगस्ट १७७३ या दिवशीं पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. पेशव्यांचें वय अवघें अठरा. काका रघुनाथराव यांना पेशवेपदाची हांव होती, आणि त्या हांवेंतून हा कट उभा राहिला. खाडिलकरांनीं १९०९ सालीं 'भाऊबंदकी' या नाटकांत ही कथा रंगभूमीवर आणिली, व १९४४ सालीं प्रभात फिल्म कंपनीनें 'रामशास्त्री' हा चित्रपट काढून ती पडद्यावर नेली. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई आजही पाहावयास मिळतात, व पाहाव्यात अशाच आहेत.

या कथेंतील एक गोष्ट महाराष्ट्रांतील पोरासोरांस पाठ आहे. नारायणरावांस 'धरावें' असा हुकूम होता. आनंदीबाईनें 'ध'चा 'मा' केला. 'धरावें'चें 'मारावें' झालें. आपल्या भाषेंत तो वाक्प्रचारच होऊन बसला. आनंदीबाईनेंच तें अक्षर बदललें याला निर्विवाद पुरावा नाहीं, असें इतिहासाचे अभ्यासक सांगतात. पण तो वाद घटकाभर बाजूस ठेवूं, आणि तिनें बदललें असेंच धरून चालूं. तरी मग काय? राज्य करणाऱ्या पेशव्याला त्याच्याच वाड्यांत सशस्त्र शिपाई घालून 'धरावें', हा हुकूम काय निर्मळ होता? तो कोणी दिला? कोणी नेला? गारद्यांना पैशाचें आमिष कोणी दाखविलें? दिवसाढवळ्या ते आंत शिरले, तेव्हां पहाऱ्यावरचे कोठें होते? कांहींतरी शिजतें आहे, अशी कुणकुण कोणाकोणाच्या कानीं होती? 'ध'चा 'मा' करणारीला आपण अडीचशें वर्षें दोष देत आलों, आणि 'ध' लिहिणाराला जवळजवळ विसरलों. एका बाईच्या बोटावर सारा दोष टाकला म्हणजे बाकीच्या सर्वांचीं बोटें स्वच्छ राहतात. ही लोककथा, क्षमा असावी, पण आपल्या लोकप्रिय चित्रपटांसारखीच आहे. तिच्यांत खलपुरुषाच्या जागीं एक खलस्त्री आहे इतकेंच.

रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविलें, देहांत प्रायश्चित्तावांचून याला शुद्धि नाहीं असें तोंडावर सांगितलें, व ते पुणें सोडून निघून गेले, असें परंपरा सांगते. नाटकांत काय, चित्रपटांत काय, हा प्रवेश अंगावर रोमांच उभे करतो. मात्र तेथेंही एक धोका आहे. पुण्यांत त्या दिवसांत रामशास्त्री एकटेच होते. चित्रपटगृहांतून आपण सगळेच रामशास्त्री होऊन बाहेर येतों.

आतां शिक्षेचें पाहूं. रघुनाथरावांना फांशी झाली नाहीं. खुनानंतर पेशवाईचीं वस्त्रें त्यांनाच मिळालीं. १८ एप्रिल १७७४ रोजीं नारायणरावांच्या विधवेस पुत्र झाला, बारभाईंनीं त्या तान्ह्या मुलाच्या नांवानें राज्य चालविण्यास घेतलें, आणि रघुनाथराव आश्रयासाठीं इंग्रजांकडे वळले. साष्टी व वसई द्या, असा इंग्रजांचा आग्रह होता. ते आरंभीं मान्य करीनात. बोलणीं चाललीं असतांनाच, २८ डिसेंबर १७७४ रोजीं, इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. पुढें मार्च १७७५ मध्यें सुरतेच्या तहांत रघुनाथरावांनीं साष्टी व वसई दोन्हीं लिहून दिलीं. मग युद्ध. १७८० सालीं कल्याणही इंग्रजांच्या हातीं गेलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें बराच मुलूख परत आला, पण साष्टी व तिच्याबरोबर ठाणें मराठ्यांना कायमचें अंतरलें. १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून जें मोठ्या शर्थीनें जिंकून घेतलें होतें, तें चाळीस वर्षेंही टिकलें नाहीं. रघुनाथराव नेमणूक घेऊन कोपरगांवीं राहिले व १७८३ च्या डिसेंबरांत तेथेंच वारले.

तेव्हां दंड कोणी भरला? शनिवारवाड्यांतील कपटाचा दंड शनिवारवाड्यापासून दूर खाडीकांठच्या ठाण्यानें भरला, कल्याणच्या पेठेनें भरला, आणि त्या लढायांत पडलेल्या अशा हजारों माणसांनीं भरला कीं ज्यांनीं नारायणरावांना कधीं पाहिलेंही नव्हतें. चित्रपटांतली गोळी नेमकी अपराध्यालाच लागते. इतिहासांतली तशी लागत नाहीं.

तो किल्ला इंग्रजांकडे गेल्यावरही कपटाच्या कथेनें त्याची पाठ सोडली नाहीं, तें जातां जातां सांगतों. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव. त्यांचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या पंढरपुरांतील खुनाबद्दल, इंग्रजांनीं १८१५ सालीं याच ठाण्याच्या किल्ल्यांत कोंडलें. पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत तो निसटला. त्याच्या खिडकीखालीं घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार गाणीं म्हणत असे, त्या गाण्यांतून पळण्याचा बेत सांगितला जाई, आणि पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायांना मराठी येत नसल्यामुळें ते तीं गाणीं खुशाल ऐकत उभे राहात, अशी हकीकत बिशप हेबर यांनीं आपल्या प्रवासवृत्तांत नोंदून ठेविली आहे. यावर अद्याप कोणी चांगला चित्रपट कां काढीत नाहीं, याचें मला नवल वाटतें. शाळेंत मराठीचा तास टाळणाऱ्या मुलांना तर ही गोष्ट अवश्य ऐकवावी!

पवित्र शास्त्रांतही एक पत्र आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत दावीद राजा उरीयाच्या बायकोचा अभिलाष धरतो, आणि पाप झांकण्यासाठीं सेनापति यवाब याला पत्र लिहितो कीं, उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडीं उभें करून एकटा सोडावा. तें पत्र पोंचविण्यास दिलें कोणाच्या हातीं? उरीयाच्याच. हा इमानी शिपाई आपला मृत्युलेख आपल्या हातानें घेऊन गेला, आणि त्यानें तो फोडून पाहिला नाहीं. उपदेशकांच्या तोंडून दाविदाचा अपराध, नाथान संदेष्ट्याची कानउघाडणी आणि दाविदाचा पश्चात्ताप हीं आपण वारंवार ऐकतों. यवाबाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. यवाबानें तें पत्र वाचलें. त्यांत काय आहे तें त्याला स्वच्छ समजलें. कांहींएक न विचारतां त्यानें उरीयाला तेथें नेऊन उभें केलें. राजाज्ञा होती! दाविदाला निदान पश्चात्ताप झाला. यवाबाला या कामाचा पश्चात्ताप झाल्याचें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं.

ठाण्यास मासुंदा तलावाच्या कांठीं जें नाट्यगृह आहे त्याला राम गणेश गडकरी यांचें नांव आहे. त्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलें. तेथेंही तळीरामाला खलपुरुष ठरवून मोकळें होतां येत नाहीं. कारण प्याला त्यानें पुढें केला असला, तरी हात सुधाकराचाच पुढें झाला, आणि तोही कोणत्या नीच वासनेनें नव्हे, तर दुखावलेल्या मानीपणानें.

यावरून चित्रपट तेवढे वाईट आणि नाटकें तेवढीं चांगलीं, असें मी म्हणतों असा समज होऊं नये. वाईट नाटकांचा सुकाळ कोणत्याच काळीं कमी नव्हता. उलट विशाल भारद्वाज यांच्या 'मकबूल' (२००३) या हिंदी चित्रपटांत 'मॅक्बेथ'मधील चेटकिणींच्या जागीं दोन पोलीस अधिकारी आणिले आहेत. त्यांना सर्व कांहीं आधींच ठाऊक असतें आणि ते तें घडूं देतात. ही कल्पना शेक्सपिअरलाही आवडली असती. त्यांच्याच 'ओंकारा'मध्यें (२००६) रुमालाच्या ठिकाणीं कमरपट्टा आहे. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) घ्या. त्यांत सत्तेची हांव कोण्या एकाची नाहीं, साऱ्या मंत्रिमंडळाची आहे, आणि तें सारें पाहत हिंडणारा पत्रकार आपल्यासारखाच नुसता पाहतच राहतो. हे चित्रपट लहान मुलांसाठीं नव्हेत. पालकांनीं आधीं स्वतः पाहावे व मग काय तें ठरवावें. एवढेंच म्हणावयाचें कीं, पडद्यावरही हें साधतें. बहुतेक वेळां तें साधावयाचें नसतें, कारण स्वच्छ मनानें घरीं गेलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्यांत पुन्हां तिकीट काढतो.

पालकहो, हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें आपणांस वाटलें असेल. लग्नाला गांवीं गेलेल्या मुलासाठीं "ताप आला होता" अशी चिठ्ठी आमच्याकडे येते. तिच्याखालीं सही असते. मूल ती चिठ्ठी स्वतःच्या हातानें आणून देतें, आणि तींत काय लिहिलें आहे तें त्याला ठाऊक असतें. त्याच मुलानें पुढें प्रगतिपुस्तकांतील तीनाचा आठ केला म्हणजे घरांत आकाश कोसळतें. मुलगा वाईट संगतीला लागला, मोबाइलनें बिघडला, अमक्या मित्रानें शिकविलें, असें आम्हांला सांगण्यांत येतें. असेलही. परंतु मित्राला असा एकटा खलपुरुष करण्यापूर्वीं ती तापाची चिठ्ठीही एकदां आठवावी. नव्वद टक्क्यांच्या खालीं आलास तर तोंड दाखवूं नको, असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां आपण 'ध' लिहीत असतों. पुढचें अक्षर मुलें बदलतात.

कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची गाडी धरून मुंबईस जाणाऱ्या आणि रात्रीं नऊला परतणाऱ्या आईबापांना मुलांबरोबर बसून नाटकें पाहण्यास वेळ कोठून मिळावा, हें मी जाणतों. कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. वर्षांतून दोनदां जमलें तरी पुष्कळ. तेंही न जमल्यास जो चित्रपट मुलें घरीं पाहतात तोच पाहावा, आणि तो संपल्यावर त्यांना एकच विचारावें: हें आधीं कोणाकोणाला ठाऊक होतें? दुष्ट कोण, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. तें संगीतानेंच सांगितलेलें असतें.

हाच प्रश्न मीं यंदा नववीच्या वर्गाला 'मॅक्बेथ'ची कथा सांगून विचारिला. बँकोचें नांव लगेच आलें. मग कोणी राजवाड्यांतले नोकर म्हणाले, कोणी पाहुणे आलेले सरदार. इतक्यांत मागच्या बांकावरील, एरव्हीं वर्गांत क्वचित् तोंड उघडणारी एक मुलगी म्हणाली, "आणि तो वैद्य." राणी झोपेंत चालते, हात चोळते, खुनाविषयीं बोलते, तें ऐकण्यास वैद्याला बोलाविलेलें असतें. तो सगळें ऐकतो, सगळें समजतो, आणि मनांत आलेलें बोलण्याची आपली छाती नाहीं असें म्हणून निघून जातो. एक मुलगा म्हणाला, त्यानें काय करावयाचें होतें, राजानें त्याला मारलें असतें. दुसरा म्हणाला, त्याला बायकामुलें असतील. मुलीनें विचारलें, मॅक्डफलाही बायकामुलें होतींच कीं, त्यांचें काय झालें? वर्ग दोन तट पडून भांडूं लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना, आणि गणिताचे शिक्षक दाराशीं येऊन उभे राहिले होते.